गल्ला एकदाच फुटतो

"परीक्षा आहे का रे तुझी?" बायकोने विचारलं. रविवारची सकाळ, मांडीवर पोह्यांची बशी आणि हातात पेन्सिल घेऊन मी पुस्तकात खुणा करतोय, हे दृश्य आमच्या घरात नवीनच होतं.

पुस्तक होतं ख्रिस ओकासाकीचं 'प्युअरली फंक्शनल डेटा स्ट्रक्चर्स'. मूळ १९९६ सालचा कार्नेगी मेलनमधला पीएचडीचा प्रबंध, १९९८ साली केंब्रिजने त्याचं पुस्तक काढलं. आपल्या धंद्याच्या हिशेबाने म्हणजे पणजोबाच. तरी फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकणारा माणूस कधी ना कधी या दारात येतोच.

कारण साधं आहे. फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये एकदा बनवलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. बदल हवा असेल तर नवी आवृत्ती बनवा, जुनी तशीच राहते. ऐकायला छान वाटतं, पण मग कॉलेजात घोकलेली निम्मी डेटा स्ट्रक्चर्स बाद होतात. ती सगळी "या खान्यातलं काढ, त्या खान्यात घाल" छापाची.

साधी रांग घ्या, म्हणजे क्यू. फंक्शनल लिस्टला फक्त पुढून हात घालता येतो. शेवटी काही जोडायचं तर अख्खी लिस्ट नव्याने बनवावी लागते. यावर जुनी युक्ती अशी की दोन लिस्ट ठेवायच्या. येणारा माणूस मागच्या लिस्टमध्ये, उलट्या क्रमाने. जाणारा पुढच्या लिस्टमधून. पुढची रिकामी झाली की मागची उलटी करून पुढे ठेवायची. उलटं करणं महाग, पण ते क्वचितच होतं. हिशेब असा मांडतात की प्रत्येक माणूस आत येताना एक जादा रुपया गल्ल्यात टाकतो आणि उलटं करायची वेळ आली की गल्ला फोडून ती मजुरी भागते. सरासरीने दर माणशी खर्च ठरावीक. हे पाचव्या प्रकरणात आहे. मला पटलं, मी खूण केली.

आणि इथे माझी गफलत झाली. सहाव्या प्रकरणाचं पहिलं पान चाळलं, कंटाळवाणं वाटलं, आणि मी थेट दहाव्यावर उडी मारली. कारण तिथे टाइप्स होते!

दहावं प्रकरण खरंच भन्नाट आहे. समजा तुम्हाला एक यादी हवी आहे, जिच्यातला कितवाही घटक पटकन काढता येईल. ओकासाकी म्हणतो, ती बायनरी आकड्यासारखी बांधा. ११ घटक असतील तर ११ म्हणजे १ अधिक २ अधिक ८. पहिल्या पातळीवर एकटा घटक, दुसरीवर जोडी, तिसरी रिकामी, चौथीवर आठांचा गठ्ठा. गंमत ही की हा गठ्ठा म्हणजे जोड्यांच्या जोड्यांची जोडी, आणि हे टाइपमध्येच लिहिता येतं. 'अ'ची यादी म्हणजे शून्य किंवा एक 'अ', आणि त्यामागे 'अ'च्या जोड्यांची यादी. व्याख्या स्वतःलाच बोलावते, पण दर वेळी वेगळ्या टाइपवर. याला नेस्टेड टाइप म्हणतात. साध्या झाडाच्या व्याख्येत एक फांदी लांब आणि दुसरी आखूड असं वेडंवाकडं झाड बसू शकतं. इथे बसूच शकत नाही. लिहून बघा, कंपायलर दारातूनच हाकलतो.

मात्र यावर चालणारं फंक्शनही स्वतःला वेगळ्या टाइपवर बोलावतं, आणि ओकासाकीने पुस्तकासाठी निवडलेल्या स्टँडर्ड एमएलला तेच चालत नाही. हॅस्केलला चालतं, पण फंक्शनचा टाइप तुम्ही स्वतः लिहून द्यायचा. कंपायलरने तो आपोआप ओळखावा ही अपेक्षा सर्वसाधारणपणे पुरीच होऊ शकत नाही, हे १९९३ साली सिद्ध झालंय. त्या एका ओळीच्या सहीसाठी माझा अख्खा रविवार गेला. संध्याकाळी कोड कंपाइल झाला आणि पहिल्याच फटक्यात बरोबर चालला. पुढचे काही आठवडे मी हवेत होतो. हापिसात चहाच्या टपरीवर लोकांना सांगत फिरायचो, "आकार टाइपमध्ये घाला, मग चूक होऊच शकत नाही." काही लोक मला टाळायला लागले होते. असो.

तर हापिस. आमच्याकडे गोदामांच्या कामाचं सिम्युलेशन आहे, स्कालामध्ये. सकाळी दिवसाच्या सगळ्या ऑर्डरी रांगेत भरायच्या, त्या स्थितीची नोंद ठेवायची, आणि तिच्यापासून हजारेक "समजा" चालवायचे. समजा ट्रक उशिरा आला, समजा दोन माणसं रजेवर गेली. जुनी आवृत्ती कधी मोडत नसल्याने नक्कल करायची गरज नाही. रांगेचा भाग माझा, आणि मी स्कालाची तयार इम्यूटेबल क्यू वापरली. ती आतून तीच, दोन लिस्टवाली. "समजा" चालवणारा भाग टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने लिहिला.

टेस्टमध्ये सगळं झकास. खरा डेटा घातला आणि रात्रीत संपायचं काम सकाळी दहालाही चालूच. मी तिचा कोड बघितला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की गडबड तुझ्या लूपमध्ये आहे, माझ्या रांगेचा खर्च ठरावीक आहे. पुस्तकाचं नावसुद्धा घेतलं! तिने दोन आठवडे बसून लूप पुन्हा लिहिला. काही फरक पडला नाही. आढाव्याच्या मीटिंगमध्ये तिच्या नावापुढे "उशीर" लागला.

मग एक दिवस ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. "अरे, प्रत्येक 'समजा'मध्ये फक्त पहिलंच डिक्यू एवढं हळू का आहे?"

मी बघत राहिलो. नोंद ठेवायच्या क्षणी रांगेत दोन लाख ऑर्डरी, आणि त्या सगळ्या मागच्या लिस्टमध्ये. पुढची रिकामी. म्हणजे हजारातला प्रत्येक "समजा" पहिली ऑर्डर काढताना दोन लाखांची लिस्ट स्वतःपुरती उलटी करत होता. एका नोंदीमागे वीस कोटी उचलठेव, आणि अशा शेकडो नोंदी. टेस्टमध्ये "समजा" एकच होता. गल्ल्यात दोन लाख रुपये होते हे खरं, पण ते एकदाच खर्च होणार. मी तो गल्ला हजार वेळा फोडत होतो.

त्या रात्री सहावं प्रकरण उघडलं. पहिल्या काही पानांतच माझी चूक छापलेली होती, माझ्या जन्मकुंडलीसारखी. जुन्या आवृत्त्या पुन्हा वापरायच्या असतील तर बचतीचा हिशेब कोसळतो, कारण साठवलेला रुपया दोनदा खर्च करता येत नाही. ओकासाकी तो हिशेब फिरवतो आणि बचतीऐवजी कर्ज धरतो. फेडलेलं कर्ज कुणी पुन्हा फेडलं तर बिघडत काहीच नाही. प्रत्यक्षात ते लेझी इव्हॅल्युएशनने होतं. मागची लिस्ट पुढचीपेक्षा लांब झाली की ती उलटी करायचा नुसता वायदा पुढच्या लिस्टच्या शेपटीला बांधून ठेवायचा. त्या वायद्यापर्यंत पोचायला पुढचे सगळे घटक काढावे लागतात, तोवर कर्ज हप्त्याहप्त्याने फिटतं. आणि वायदा एकदा पाळला गेला की उत्तर तिथेच साठतं. बाकीच्या नऊशे नव्याण्णव शाखांना ते फुकट मिळतं.

मला सगळ्यात झोंबलं ते वेगळंच. चांगली रांग आणि वाईट रांग, दोन्हींचा टाइप बाहेरून अगदी सारखा. मी ज्या कंपायलरच्या जिवावर उड्या मारत होतो तो आकाराची राखण करतो. वेळ किती लागेल यावर तो चकार शब्द बोलत नाही. बोलायला लावणारे लोक आहेत म्हणा. निल्स अँडर्स डॅनिएलसनने २००८ साली अ‍ॅग्डामध्ये हे कर्जाचे हप्ते टाइपमध्ये लिहून दाखवले. पण आमच्या हापिसात अ‍ॅग्डा यायला माझी निवृत्ती उजाडेल.

घरी मी लेझी रांग चाळीसेक ओळींत लिहिली, फार सुंदर झाली. हापिसात मात्र सरळ स्कालाचा व्हेक्टर घातला. एका ओळीचा बदल होता, आणि काम पुन्हा रात्रीत संपायला लागलं.

सोमवारी टीमच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं की दोन महिने चूक माझी होती, तिचा पहिला कोड बरोबर होता. जीभ जरा जड झाली. मॅनेजरला मेल पाठवली, "उशीर" माझ्या नावावर करायला सांगितलं. त्याने केला का ते अजून नीट कळलेलं नाही, परवा पुन्हा विचारलं. ती काही फार बोलली नाही. "ठीक आहे" म्हणाली, आणि दुपारी येऊन पुस्तक मागितलं.

दिलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "यात सहावं प्रकरण सोडून सगळीकडे पेन्सिलच्या खुणा आहेत, ते का?"