सहीचे ओझे

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात सोनाळा हे गाव आहे. तेथील एका कुटुंबाचे नवे घर आशीर्वादित करण्यासाठी आम्ही काही वर्षांपूर्वी गेलो होतो. प्रार्थना आटोपली, चहा झाला. माहेरी परत आलेली त्या घरची लेक खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "फादर, नवऱ्यापाशी राहाले बी पैसे लागतात अन् सुटाले बी. मी कोणतं कर्ज काढू?"

त्या वेळी आम्ही दिलेल्या उत्तराची आजही लाज वाटते. विवाहबंधन अतूट आहे, धीर धरावा, पतीसाठी प्रार्थना करावी, असे सेमिनरीत घोटलेले सारे आम्ही तिला ऐकवले. तिच्या मनगटावर जुन्या माराचा वण होता. तो दिसूनही आम्ही विचारले नाही.

पुढे ती एका पिशवीत कागद घेऊन धर्मग्रामाच्या कार्यालयात आली. पीककर्ज नवऱ्याच्या सातबाऱ्यावर होते. पेरणीसाठी सावकाराचे पैसे घेतले होते, त्याची तर चिठ्ठीही नव्हती. तिची पोत सराफाकडे गहाण होती. महिलांच्या गटातून काढलेले कर्ज मात्र तिच्या स्वतःच्या सहीचे. ते पैसे नवऱ्याच्या शेतातील बोअरमध्ये गेले आणि बोअर कोरडी निघाली. सर्वांत वर एक ताजी चिठ्ठी होती. वकिलाच्या फीसाठी तिने गावातल्याच कुणाकडून पंधरा हजार रुपये व्याजाने घेतले होते.

ते पंधरा हजार तिला काढावेच लागले नसते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील विनामूल्य मिळतो. त्यासाठी तालुक्याला समिती आणि जिल्ह्याला प्राधिकरण असते. हे आम्हाला ठाऊक नव्हते. पोथ्या वाचलेल्या माणसाचे हे अज्ञान तिला व्याजासकट भरावे लागले.

मग आम्ही कायदा वाचावयास बसलो. ख्रिस्ती दांपत्यांना लागू असलेला घटस्फोटाचा अधिनियम १८६९ सालचा. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरत असे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. २००१ च्या दुरुस्तीने हा भेद मिटला आणि दावा चालू असतानाच्या पोटगीवर असलेली पतीच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाची मर्यादाही गेली. परस्परसंमतीचा मार्गही तेव्हाच खुला झाला. मात्र त्यासाठी अधिनियमाने दोन वर्षे विभक्त राहण्याची अट घातली. हिंदू विवाह कायद्यात ती एकच वर्षाची आहे. केरळच्या उच्च न्यायालयाने २०१० साली ती ख्रिस्ती दांपत्यांसाठीही एक वर्षावर आणली. वाट पाहण्याच्या या काळात सावकाराचे व्याज थांबत नाही, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानी आले असेल काय?

घटस्फोट न मागताही पोटगी मागता येते, हे तर आमच्या कितीतरी भगिनींना ठाऊकच नसते. पूर्वीचे कलम १२५ म्हणजे जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. पत्नी जेथे राहते तेथील दंडाधिकाऱ्यांपुढे तो अर्ज करता येतो. दोघांनीही आपली मिळकत आणि कर्जे शपथपत्रावर मांडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवून दिले. "माझ्यावरच कर्ज आहे, हिला कोठून देऊ?" असे म्हणणाऱ्या पतीसही तेथे आकडे मांडावे लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने थकलेली पोटगी धनकोच्या येण्याआधी द्यावी, असेही म्हटले.

एका गोष्टीला मात्र यात उतारा सापडला नाही. पीककर्जावर तिची सही नाही, म्हणून ते तिला चिकटत नाही. गटाच्या कर्जावर तिची सही आहे. घटस्फोटाने नाते तुटते, सही पुसली जात नाही. न्यायाधीश पोटगी ठरवताना ते कर्ज विचारात घेतील, परंतु वसुलीला येणारा माणूस तिच्याच दारी येईल, आणि ती चुकली तर गटातील इतर बायांच्या दारी.

धर्मसभेचे काय, असे वाचक विचारतील. विवाहसंस्काराचे बंधन दिवाणी निवाड्याने सुटत नाही, ही आमची श्रद्धा आहे. परंतु हक्क, मुलांचे संगोपन आणि मालमत्ता यांच्या रक्षणास दुसरा उपाय नसेल तर दिवाणी घटस्फोट सोसून घेता येतो, त्यात नैतिक अपराध नाही, असे १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट आहे. तो ग्रंथ त्या दिवशीही आमच्या कपाटात होता. विवाह मुळातच अवैध होता काय, याची चौकशी शक्यतो विनामूल्य व्हावी, अशी अपेक्षा पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली व्यक्त केली. परंतु चर्चच्या न्यायासनाचा असा निर्णय दिवाणी घटस्फोटाची जागा घेत नाही. तो मिळाला म्हणून कुणी दिवाणी कागद टाळू नयेत.

तिचा दावा आता बुलढाण्याला विनामूल्य वकिलामार्फत चालू आहे. शेगाव, खामगाव असे करीत एस.टी.ने जावे लागते. तारखेच्या दिवशी मजुरी बुडते आणि तारीख पुष्कळदा पुढेच जाते. गेल्या खेपेस आम्ही सोबत होतो. परतताना खामगावच्या स्थानकावर तिने पदराआडून गटाचे हप्त्याचे पुस्तक काढले आणि शेवटचे पान उघडून आमच्यापुढे धरले.

"नऊ राह्यले, फादर," ती म्हणाली. मग गाडी लागली म्हणून ती घाईने उठली.