चोवीस ग्रॅमचं वेड

हल्ली कुणी कशावरही बोलत असो, मी काडतुसांवर येते. मंडळाच्या कोजागिरीत आले, फोनवर नणंदेशी बोलताना आले, परवा तर भाजीवाल्याला २४ आणि २८ ग्रॅममधला फरक समजावत होते. तो म्हणाला, ‘दीदी, तौलूं क्या?’

झालं काय, की पुण्याहून भाची आली. ती शाळेपासून १० मीटर एअर रायफल खेळते. भोपाळला बड्या तालाबच्या बाजूला, बिशनखेडीत, मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमी आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. ‘मावशी, चल, तुला शॉटगन दाखवते,’ म्हणाली. मी म्हटलं चला, तेवढीच तळ्याकाठची हवा!

हवा कसली, मी श्वास घ्यायचीच विसरले.

खेळाचं नाव ट्रॅप. एका ओळीत पाच जागा. नेमबाज मुलगी जागेवर उभी राहते, दस्ता खांद्याच्या खळगीत बसवते, गाल लाकडावर टेकवते आणि घशातून एक हुंकार काढते. तो हुंकार मायक्रोफोन ऐकतो आणि समोर १५ मीटरवरच्या खंदकातलं यंत्र त्याच क्षणी एक भगवी थाळी फेकतं. ती कुठे जाईल हे तिला माहीत नसतं! प्रत्येक जागेसमोर तीन यंत्रं, अशी एकूण १५. थाळी डावीकडे ४५ अंशांपर्यंत जाईल, नाहीतर उजवीकडे, नाहीतर सरळ. जमिनीला चिकटून जाईल नाहीतर वर उसळेल. वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास. थाळीचा व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. थाळी दिसायची, नळी तिच्या मागे फिरवायची, फिरती ठेवूनच चाप ओढायचा, आणि हे सगळं सेकंदाच्या आत. धाड! थाळी होती तिथे भुकटीचा ढग.

मी टाळ्या वाजवल्या. भाचीने माझा हात खाली दाबला. रेंजवर टाळ्या वाजवत नाहीत म्हणे, निदान सरावाला तरी नाही.

मग मुलीने बंदूक मधून मोडली आणि दोन रिकामी काडतुसं बाहेर आली. त्यातलं एक मी विचारून हातात घेतलं. अजून कोमट होतं. बुडाला पितळी टोपी, तिच्या मधोमध बारीक खळगा, तिथे पिन आपटलेली. वर प्लास्टिकची लाल नळी, आणि तोंडाशी दुमडून बंद केलेल्या पाकळ्या आता उघडून ताठ झालेल्या. आतून जळक्या दारूचा वास. भरलेलं असतं तेव्हा तळाला दारू, तिच्यावर प्लास्टिकचा पेला आणि पेल्यात छर्रे. ऑलिंपिकच्या नियमाप्रमाणे छर्रे २४ ग्रॅमचे. तराजूच्या चुकभुलीसाठी सूट मिळते ती अर्ध्या ग्रॅमची, २४.५ च्या वर चालत नाही. साडेसात नंबरचे छर्रे घेतले तर २४ ग्रॅममध्ये साधारण ३०० दाणे बसतात. पस्तीसेक मीटरवर पळणारी बशीएवढी वस्तू फोडायला एवढेच!

आणि पूर्वी हे जास्त असायचं. याच ट्रॅपला आधी ३२ ग्रॅम चालत, मग २८ झाले, मग २४. इंग्लंडमधल्या क्लबांत आजही २८ ग्रॅम सर्रास वापरतात, आणि मुलांना, नवशिक्यांना हलकी २१ ग्रॅमची काडतुसं देतात. मला वाटलं, हलकं म्हणजे लेचंपेचं असणार. त्या मुलीला विचारलं तर ती हसली. ‘आंटी, पहले शॉट में कुछ पता नहीं चलता. सौवें में कंधा बताता है.’ २८ वरून २४ वर आलं की छर्र्यांचं वजन बरोब्बर सातवा हिस्सा कमी होतं आणि खांद्याला बसणारा दणका त्या मानाने उतरतो. एकेका बाराला ते जाणवत नाही. पण दणक्याच्या भीतीने डोळा मिटायला लागला, चाप ओढण्याआधीच खांदा आक्रसायला लागला, की नेमबाज संपला. अंगाने बारीक असलेली पंधरा वर्षांची पोर या खेळात टिकते ती या चार ग्रॅममुळे, हे माझं ठाम मत झालेलं आहे. दाणे कमी म्हणून नेम अधिक चोख लागतो, हा वर फायदा.

आता पैसे. पैशांत मला भलताच रस निर्माण झालाय.

सगळे आधी बंदुकीची किंमत विचारतात. मीही विचारली. पेराझी, बेरेटा, सगळी इटलीची नावं, आणि किंमत काही लाखांत. पण बंदूक एकदाच घ्यायची, ती वर्षानुवर्षं चालते. काडतूस एकदा उडालं की गेलं! बाहेरून आलेल्या काडतुसाचा भाव डॉलरप्रमाणे हलतो, तरी ढोबळ हिशेब मी आमच्या भोपाळी पद्धतीने लावला: एक बार म्हणजे किमान एक प्लेट पोहे-जलेबी. एक फेरी २५ थाळ्यांची, म्हणजे २५ माणसांची न्याहारी. स्पर्धेतली प्राथमिक फेरी १२५ थाळ्यांची, आणि ट्रॅपमध्ये प्रत्येक थाळीवर दोन बार मारायची मुभा, म्हणजे जास्तीत जास्त २५० काडतुसं. एका माणसाने तेवढ्या वेळात आख्ख्या लग्नाला नाश्ता घातला! अंतिम फेरीत मात्र थाळीमागे एकच बार. आणि हे झालं स्पर्धेचं. सरावाचं बिल वेगळं, फोडलेल्या थाळ्यांचं वेगळं, रेल्वेतून बंदूक नेण्याच्या कागदपत्रांची कटकट वेगळी. या सगळ्यापुढे प्रवेश शुल्क मला किरकोळच वाटलं. भाचीचा छर्र्यांचा डबा ५०० चा असतो, तो खिशात मावतो, आणि तिच्या एअर रायफलला परवानाही लागत नाही. शॉटगनचं काडतूस विकत घ्यायलासुद्धा परवाना हवा.

म्हणून हा खेळ बराच काळ राजेरजवाड्यांचा राहिला, यात नवल नाही. १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य जिंकणारे करणीसिंह बिकानेरचे महाराजा होते. आमच्या भोपाळलाही बंदूक चालवणाऱ्या बाईची परंपरा आहे, पण ती महालातली: नवाब हमीदुल्ला खानांची कन्या आबिदा सुलतान शिकार करायची, पोलो खेळायची, विमानही चालवायची.

आणि आता ऐका. गोरा गाव याच तळ्याच्या काठी आहे. तिथल्या मच्छीमाराची मुलगी मनीषा कीर या अकादमीत आली, चार ऑलिंपिक खेळलेल्या मानशेर सिंगांच्या हाताखाली शिकली आणि २०१८ मध्ये चांगवॉनच्या जागतिक स्पर्धेत तिने ज्युनियर ट्रॅपचं रौप्य आणलं. इटारसीची प्रीती रजकही याच अकादमीची. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत राजेश्वरी कुमारीसोबत या दोघींनी ट्रॅपचं सांघिक रौप्य मिळवलं. पुढे प्रीती लष्करात सुभेदार झाली, तिथवर पोचणारी पहिली बाई. बंदूक, काडतुसं, थाळ्या, प्रशिक्षक, सगळं सरकारी खर्चाने. यांच्या घरून सरावाच्या एका महिन्याची काडतुसंसुद्धा आली नसती. कुणी म्हणेल सरकारने असले महाग खेळ का पोसावेत. पोसावेत! महाग आहेत म्हणूनच पोसावेत, स्वस्त खेळ पोरं गल्लीत आपले आपण खेळतात.

आपला मराठी संबंधही यात निघाला, तो कळला तेव्हा मी उडालेच. राज्य स्पर्धा आणि राष्ट्रीय स्पर्धा यांच्यामधली पायरी असते ती मावळणकर स्पर्धा. हे मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती, गणेश वासुदेव मावळणकर! १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. सभागृहात शांतता राखणाऱ्या माणसाच्या नावाने देशभर बार उडताहेत.

दुसरा संबंध खडकीचा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि तिथलं शक्तिमान एक्सप्रेस हे १२ बोअरचं काडतूस परवान्याची बंदूक असलेल्या प्रत्येक घराला माहीत. बिशनखेडीच्या बाकावर मात्र डब्यांवरची नावं परदेशी होती. का बरं? पुण्याच्या पोटात दीडशे वर्षांहून जुना कारखाना आहे. पहिल्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकसारखा वेग देणारं, २४ ग्रॅमचं, स्पर्धेतल्या मुलीला परवडेल असं काडतूस तिथून रेंजवर यायला काय हरकत आहे? एकसारखेपणा ही अवघड गोष्ट आहे, मान्य. पण ते जमलं तर न्याहारीचा हिशेब निम्म्यावर येईल.

शिशाचाही मी हिशेब केला. २४ ग्रॅमची २५० काडतुसं म्हणजे ६ किलो शिसं जमिनीवर. २८ ग्रॅमची असती तर ७ किलो झालं असतं. जगात बऱ्याच रेंजवर हे छर्रे माती चाळून गोळा करतात आणि पुन्हा वितळवतात. आमचं भोज वेटलँड २००२ पासून रामसर यादीत आहे, तेव्हा प्रत्येक कमी झालेल्या किलोचं मला कौतुक आहे.

भाची परत गेली. निघताना म्हणाली, ‘मावशी, मला ट्रॅप करायचंय, आईला तू सांग.’ मी ताईला फोन लावला आणि पोहे-जलेबीपासून सुरुवात केली. तिने पाऊण तास ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘आणि जेवणाचं काय?’ आता खर्चाचा तक्ता करून पाठवायचाय. त्यात बंदुकीचा रकाना मी सगळ्यात शेवटी घातलाय.