पहिली जुनी गाडी आणि नंजनगूडचे रसबाळे

जुन्या गाडीची हौस नव्याने लागलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: "पहिलीच आहे ना? मग जपानी घे, ती बिघडत नाही." हा सल्ला पुण्यात मिळतो तसा इकडे म्हैसूर-नंजनगूड पट्ट्यातही मिळतो, आणि देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही तो मला खटकतो. नव्या गाडीबद्दल जे खरे, ते पंचवीस वर्षांच्या गाडीला जसेच्या तसे लावले जाते, आणि त्यावर विसंबून माणूस आयुष्यातली पहिली जुनी गाडी घेतो. माझे म्हणणे असे की गाडी कोणत्या देशाची, किती वेगवान, किती दुर्मीळ, हे सगळे प्रश्न नंतरचे. तिचे सुटे भाग, तिच्यावर हात बसलेला मेकॅनिक आणि तिचे स्वच्छ कागद या तीन गोष्टी तुमच्या राहत्या गावापासून किती जवळ आहेत, हा पहिला प्रश्न. दुसऱ्या राज्यात येऊन राहिलेल्या मराठी माणसाला तो अधिकच लागू पडतो, कारण वर्षानुवर्षांच्या ओळखीची गॅरेजे तो मागे सोडून आलेला असतो.

जुनी जपानी स्पोर्ट्स कार म्हटले की जगभरच्या हौशी मंडळींच्या डोळ्यांसमोर १९८९ मध्ये आलेली माझदाची छोटी उघडी एमएक्स-५ येते, किंवा १९६९ ची डॅटसन २४०-झेड. अमेरिकेत २५ वर्षे पूर्ण झालेली परदेशी गाडी आणण्याची मुभा आहे, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांतल्या तरुणांना जपानातून थेट गाडी मागवता येते. आपल्याकडे तसे नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही; जुन्या गाड्यांसाठी पूर्वी १९५० च्या आधीची ही अट होती, ती २०२५ मध्ये पन्नास वर्षांवर आली. म्हणजे डॅटसन आता नियमात बसते, पण पहिली माझदा २०३९ मध्ये बसेल, आणि दोन्हींवरचे आयात शुल्क सामान्य नोकरदाराला झेपणारे नाही. तेव्हा आपल्यासाठी जुनी, वेगवान जपानी गाडी म्हणजे इथेच तयार झालेली. दुचाकीत एस्कॉर्ट्सने १९८३ पासून काढलेली ३४७ सीसीची राजदूत, म्हणजे मूळची यामाहा आरडी ३५०. चारचाकीत हिंदुस्थान मोटर्सने तिरुवळ्ळूरला बांधलेली मित्सुबिशी लान्सर, आणि ग्रेटर नोएडात तयार झालेली पहिल्या पिढीची होंडा सिटी, तीही २००० ते २००३ या काळातली १०६ अश्वशक्तीची व्हीटेक. दिसायला ही चार दारांची घरगुती गाडी. पण त्या काळात त्या किमतीत असे इंजिन भारतात दुसरे नव्हते, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

या इंजिनाची रचनाच 'बिघडत नाही' या समजुतीचे उत्तर देते. साध्या इंजिनात झडपा किती उघडायच्या हे कॅमच्या एकाच आकारावर ठरते. व्हीटेकमध्ये कॅमवर दोन आकार असतात. फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक खिट्टी सरकते, रॉकर एकमेकांना जोडले जातात आणि आत येणाऱ्या हवेच्या झडपा जास्त उघडू लागतात. हा सगळा खेळ तेलाच्या दाबावर आणि तेलाच्या स्वच्छतेवर उभा आहे. ज्या मालकाने वेळेवर ऑइल बदलले, त्याच्या हाती हे इंजिन आजही गोड चालते. पण पंचवीस वर्षांत गाडीचे चार-पाच मालक होतात, आणि किंमत उतरते तसतशी प्रत्येकाची काळजीही उतरत जाते. शेवटच्या मालकाने नुसता टायमिंग बेल्ट बदलायचा टाळला आणि तो तुटला, तर झडपा वाकण्याची भीती असते. रबर, प्लास्टिक, वायरिंगची आवरणे यांचे वय मोजणारे घड्याळ जपानी असो की जर्मन, सारख्याच गतीने चालते. कारखान्याने गाडी उत्तम बांधली, एवढेच जपानी नावाने सिद्ध होते. पुढच्या दोन तपांत ती कुणाकुणाच्या हातून गेली, यावर ते नाव काहीच सांगत नाही.

हे नीट समजण्यासाठी नंजनगूडच्या केळ्याकडे पाहावे. रसबाळे हे इथले केळे भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पातळ सालीचे, सुवासिक, गोड. जळगावच्या वाचकाला केळ्याबद्दल मी काही शिकवायला नको, पण फरक सांगतो. जळगावात बहुतेक लागवड आता ऊतिसंवर्धित ग्रँड नैनची आहे. एकसारखे घड, ठरलेल्या मुदतीत काढणी, मोठी बाजारपेठ, रोप सहज उपलब्ध. रसबाळे याच्या उलट आहे. पनामा मर नावाच्या बुरशीजन्य रोगापुढे ते टिकत नाही. बुरशी मातीतून मुळांत शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते, पाने पिवळी पडून खाली लोंबतात आणि झाड जाते; ती मातीत अनेक वर्षे तळ ठोकून राहते आणि लागण झालेल्या बागेतले मुनवे नेले की त्यांच्याबरोबर दुसऱ्या बागेत पोचते. मुनवा पाहिला तर हिरवागार, टवटवीत असतो. रोग आत असतो. या रोगाने नंजनगूडच्या रसबाळ्याचे क्षेत्र फार आटले. आज ज्याला ते लावायचे आहे, त्याने निरोगी रोप आणायचे, रोगमुक्त जमीन शोधायची, आणि आजूबाजूला ते पीक जाणणारा शेतकरी असेल तर त्याच्या सल्ल्याने चालायचे, यावाचून मार्ग नाही. चव उत्तम आहे म्हणून ते कुठेही, कसेही लावता येत नाही. नवी गाडी ही ग्रँड नैन आहे. जुनी व्हीटेक हे रसबाळे आहे, आणि रंग मारून चकाचक केलेली स्वस्त व्हीटेक हा रोगट बागेतला हिरवा मुनवा आहे. मातीचे म्हणाल, तर तुमच्या गावातली गॅरेजे हीच गाडीची माती.

त्या दृष्टीने म्हैसूरची माती फार चांगली आहे, पण ती कोणत्या पिकासाठी तयार झाली तेही पाहायला हवे. यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना होता. तिथे १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी तयार होत असत; १९९६ मध्ये तो बंद पडला. कारखाना बंद होऊन जवळजवळ तीस वर्षे झाली, तरी म्हैसुरात आणि आसपासच्या तालुक्यांत येझदी रोडकिंग रोज कामावर जाताना दिसतात. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिन साजरा होतो. कंपनी गेल्यावरही गाडी जिवंत राहिली, कारण कारखान्यात घडलेले हात गावातच राहिले, त्यांनी पुढची पिढी शिकवली, आणि गाडी इतकी साधी होती की भाग बनवूनही घेता येत होते. होंडाचे तसे नाही. कंपनी भारतात चालू आहे, पण ग्रेटर नोएडातले उत्पादन २०२० मध्ये थांबून राजस्थानात तापुकऱ्याला गेले, आणि वीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा टेललाइट ठेवणे हे कुठल्याच चालू कंपनीचे काम नसते. लान्सरची अवस्था आणखी कठीण, कारण मित्सुबिशीच्या गाड्या आता भारतात विकल्याच जात नाहीत. यावरून कुणी म्हणेल, मग इथे राहणाऱ्याने पहिली जुनी गाडी म्हणून येझदीच घ्यावी. शुद्ध तर्काने हे बरोबर आहे, आणि ज्याला दुचाकी चालेल त्याने खुशाल तसे करावे. पण हौस तर्काच्या हाताखाली काम करत नाही. ज्याला चारचाकीचे स्टिअरिंग आणि फेरे वाढले की बदलणारा तो आवाज हवा आहे, त्याचे येझदीने समाधान होणार नाही. त्याने लान्सर टाळावी आणि व्हीटेक घ्यावी, कारण तिच्या इंजिनाचे बरेच भाग अजून मिळतात आणि बेंगळुरू तीन तासांवर आहे.

आता कागदांकडे येतो, आणि इथे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला मोह होतो तो मुंबई-पुण्याची एमएच गाडी आणण्याचा. तिकडे गाड्या जास्त, भाषा आपली, भाव करायला सोपे. पण मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली की तिथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी आधी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत दाखला, मग इथे फॉर्म २७, मालक बदलला असेल तर २९ आणि ३०, आणि आरसीवर बँकेचा जुना बोजा राहिलेला असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५. पहिल्या मालकाचे कर्ज फिटून वीस वर्षे झाली तरी बोजा कागदावर तसाच असतो, आणि ती बँक दरम्यान दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. वर कर्नाटकाचा आजीवन कर, जो देशातल्या चढ्या दरांपैकी आहे. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण माफ होत नाही. नोंदणीची पंधरा वर्षे संपल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारगाडीला त्याचे शुल्क दहा हजार रुपये. हे सगळे करूनही गाडीला कायद्यात मान मिळत नाही, तो भाग वेगळा. जुलै २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' हा दर्जा निर्माण केला, व्हीए मालिकेचा क्रमांक दिला, वीस हजारांत दहा वर्षांची नोंदणी दिली. पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि ती रोज रस्त्यावर वापरता येत नाही. २००१ ची व्हीटेक २०५१ पर्यंत कायद्याच्या लेखी केवळ जुनी गाडी आहे. मधल्या तीस वर्षांसाठी सरकारने एखादा वर्ग करावा, असे मला मनापासून वाटते. गाडी टिकवण्याचे खरे कष्ट याच वयात करावे लागतात. श्रीरंगपट्टणजवळच्या पयण संग्रहालयातल्या गाड्याही कुणीतरी त्यांच्या अडनिड्या वयात सांभाळल्या म्हणूनच तिथवर पोचल्या.

कागदांइतकाच हवेचाही प्रश्न आहे. मुंबईची गाडी खाऱ्या हवेत वाढलेली असते. चाकांवरचे मडगार्ड, दारांचा खालचा काठ, डिकीतली स्टेपनीची जागा, या ठिकाणचा पत्रा आतून सडतो आणि वरून लांबी भरून रंग दिलेला असतो. म्हैसूरच्या पठारावरची केए-०९ ची गाडी त्या मानाने कोरडी असते. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. नंजनगूड तालुक्यातच अळगंचीला साखर कारखाना आणि त्याची डिस्टिलरी आहे. ऊस पिकवणाऱ्या मुलखाला या धोरणाचा फायदा आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण २००१ च्या गाडीचे रबरी पाइप आणि गॅस्केट या मिश्रणासाठी बनलेले नाहीत, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून गाडी घेतल्याबरोबर इंधनाचे सगळे पाइप बदलावेत, आणि टाकी भरून गाडी तीन-चार महिने उभी ठेवू नये. दर आठवड्याला ती वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी. म्हैसूर ते नंजनगूड एवढे अंतर त्याला नेमके पुरते.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. स्वस्तातली मोडकी गाडी घ्यावी, जमेल तसे पैसे घालत चार वर्षांत उभी करावी, त्यात शिकायलाही मिळते, असे पुष्कळ जण म्हणतात. ज्याच्याकडे जागा, हत्यारे आणि दुसरी चालती गाडी आहे, त्याला ते शोभते. पहिल्यांदा घेणाऱ्याचे पैसे मात्र इंजिनात कमी आणि किरकोळ दिसणाऱ्या वस्तूंत जास्त जातात: दाराची काच, बंपरचे कोपरे, डॅशबोर्डची तडकलेली पट्टी, मूळचे टेललाइट. पिस्टन रिंग मिळते, दाराची मूळ मूठ मिळत नाही, आणि एका मुठीसाठी अर्धी गाडी विकत घेण्याची वेळ येते. सगळे भाग जागेवर असलेली, पत्रा शाबूत असलेली, जुन्या सर्व्हिसच्या पावत्या फाइलमध्ये लावलेली गाडी दीडपट किमतीला मिळाली तरी शेवटी तीच स्वस्त पडते. अशा गाड्या इथे वर्षातून एक-दोनच विकायला निघतात, म्हणून थांबायची तयारी हवी. आणि ती निघेल तेव्हा पाहायला एकटे जाऊ नका. जो मेकॅनिक पुढे ती सांभाळणार आहे, त्याला त्याचे दिवसाचे पैसे देऊन बरोबर न्या, पत्र्यातली लांबी ओळखायला खिशात लोहचुंबक ठेवा, आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.