टायर बदलला की मीटर बदला



आज द्राक्षाचं थोडंच आहे, सायकलचं जास्त आहे. आमची धाकटी सायकलच्या शर्यतीची तयारी करते हे पेजवरच्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तिच्या सायकलला मीटर कोणता लावला, किती पैसे गेले, असं गेल्या काही दिवसांत चार-पाच जणांनी विचारलं. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथंच लिहितो. पण नुसतं "हा घ्या" असं सांगून भागणार नाही. आमच्याकडून, म्हणजे माझ्याकडून, एक चूक झाली आणि ती पोरीला भोवली. ती आधी सांगतो.

सुरुवात माझ्या साखरेपासून झाली. दोन वर्षांपूर्वी साखर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "रोज सायकल किती चालवता?" मी बिनधास्त म्हटलं, "आठ-दहा किलोमीटर." घर ते मळा, मळा ते घर, दोन फेऱ्या. शेतकऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, असंच डोक्यात. पुढं पोराने निफाडला एका दुकानातून साधा वायरचा मीटर आणून दिला, साडेसहाशे रुपयांचा. बसवला. पहिल्याच दिवशी कळलं की दोन्ही फेऱ्या मिळून ४.६ किलोमीटर होतात. आठ-दहा नुसते तोंडात होते.

हा मीटर चालतो कसा ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. पुढच्या चाकाच्या एका तारेला छोटं लोहचुंबक लावायचं आणि चिमट्याला सेन्सर. चाकाचा एक फेरा झाला की चुंबक सेन्सरसमोरून जातं आणि मीटर एक आकडा मोजतो. बस. रस्ता किती झाला हे त्या मीटरला काही दिसत नाही. तो फक्त फेरे मोजतो आणि एका फेऱ्याची जी लांबी तुम्ही त्याला सांगितली आहे, तिनं गुणतो. लांबी चुकीची सांगितली तर वेग चुकतो, अंतर चुकतं, सगळंच चुकतं. आणि मीटर मात्र ठसठशीत आकडा दाखवत राहतो.

माझ्या काळ्या सायकलचं मोजमाप मी नीट केलं होतं. आधी हवा भरली. खळ्यावर व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून खडूची खूण केली. सीटवर बसलो, कारण वजन पडलं की टायर थोडं दबतं. तीन फेरे सरळ चालवून पुन्हा व्हॉल्व्ह खाली आल्यावर दुसरी खूण केली. टेपने मोजलं तर ६ मीटर ६९ सेंटिमीटर. भागिले तीन. म्हणजे एका फेऱ्याला २२३० मिलिमीटर. तो आकडा मीटरमध्ये घातला.

पुढं धाकटीला जुनी रेसर सायकल घेतली, पातळ टायरची. तिला मीटर पाहिजे होता. मी माझा काढला आणि तिच्या सायकलला बसवून दिला. चुंबक, सेन्सर, वायर, सगळं व्यवस्थित. आकडा फिरताना पाहून पोरगी खूश, मी पण खूश.

आतला २२३० चा आकडा तसाच राहिला.

तीन महिने ती त्या मीटरवर तयारी करत होती. पहाटे पाच वाजता उठायची. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे. मी मोटारसायकलवर मागं लाईट दाखवत जायचो. वहीत रोज लिहायची, किती किलोमीटर, सरासरी किती. ताशी ३० ची सरासरी आली त्या दिवशी तिनं वहीत लाल पेनाने गोल केला. दिवाळीनंतर जिल्ह्याची निवड चाचणी होती, एकट्याने २० किलोमीटर. ताशी ३० म्हणजे बरोबर चाळीस मिनिटं. तेवढ्यात आली तर निवड पक्की, असा तिच्या सरांचा अंदाज होता.

चाचणीच्या दिवशी तिनं मीटर बघत बघत बरोबर ३० धरले. मीटरवर १९ पडले तेव्हा अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं लावलं. मीटरवर २० पडले. आणि शेवटची रेषा दिसेना. अजून किलोमीटरच्या वर रस्ता बाकी होता आणि पायात काही उरलेलं नव्हतं. ती कशीबशी आली. ४३ मिनिटं आणि वर काही सेकंद. निवड झाली नाही.

मी काय म्हणालो माहीत आहे का? म्हटलं, "आयोजकांनी अंतरच चुकीचं मोजलंय." गाडीत बसून घरी येईपर्यंत तेच बोलत होतो. पोरगी एकदाच बोलली, "पप्पा, मग बाकीच्या मुली त्याच अंतरात कशा आल्या?" मला उत्तर देता आलं नाही.

घरी आल्यावर तिनं सायकल शेडमध्ये भिंतीला टेकवली. पंधरा दिवस हात लावला नाही. पहाटे जाग यायची, पण उठायची नाही. एक दिवस आईला म्हणाली, "माझ्यात दम नाही. पप्पांना सांग, सायकल विकून टाका." मी ओट्यावर बसून ऐकलं.

त्याच आठवड्यात ट्रॅक्टरला मागचे टायर नवीन टाकले होते. फवारण्या जोरात चालू होत्या. टायर बदलले की मी ब्लोअरचं कॅलिब्रेशन पुन्हा करतो, हे इथं मी अनेकदा लिहिलंय. बागेत १०० मीटर टेपने मोजायचे, दोन्हीकडे काठी रोवायची, नेहमीच्या गिअरला नेहमीच्या आरपीएमवर ट्रॅक्टर चालवायचा आणि सेकंद मोजायचे. ९० सेकंद लागले तर ताशी ४ किलोमीटर. जुन्या टायरच्या नक्षीची झीज झालेली असते, नवीन टायर उंच असतो, एका फेऱ्यात जास्त पुढं जातो. गिअर तोच, आरपीएम तोच, पण वेग वाढलेला. मग एकरी पाणी कमी पडतं आणि औषधाचा डोसही कमी पडतो. पोराला हे सांगत होतो, "टायर बदलला की जुना आकडा फेकून द्यायचा." वाक्य तोंडातून निघालं आणि मी तिथंच थांबलो.

ट्रॅक्टर बंद करून तसाच शेडमध्ये गेलो. मीटरची दोन्ही बटणं दाबून धरली. २२३०.

तिच्या टायरवर लिहिलेलं होतं ७०० x २५. हवा भरून, तिलाच सीटवर बसवून मोजलं. २१०० मिलिमीटर. म्हणजे मीटर सहा टक्के जास्त दाखवत होता. ३० दिसत होते तेव्हा ती खरी चालत होती सव्वाअठ्ठावीसच्या आसपास. मीटरवर २० किलोमीटर पडले तेव्हा खरे झाले होते १८.८. तिनं जिथं जीव तोडून जोर लावला, तिथून रेषा अजून १२०० मीटर लांब होती.

तिनं वही आणली आणि सगळे आकडे स्वतः पुन्हा मांडले. मला वाटलं, मीटर चुकला होता हे कळल्यावर तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "म्हणजे ३० मी कधी मारलेच नव्हते." लाल गोलावर तिनं काट मारली. मग म्हणाली, "आणि शेवटी दम संपला तो पण उगाच." पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबर होतं तिचं. ब्लोअरला जो माणूस टेप लावतो, त्यानं पोरीच्या सायकलला लावला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला शेडचा पत्रा वाजला. मी गाडीची किल्ली घेतली.

आता मूळ प्रश्न, मीटर कोणता घ्यायचा. आम्ही जे शिकलो ते असं.

१. रोजच्या सायकलला, शाळेला, मळ्यात जायला, साखरेच्या माणसाला वायरचा साधा मीटर भरपूर झाला. पाचशे-सहाशेपासून मिळतो. जपानच्या कॅटआय कंपनीचे जास्त टिकाऊ समजले जातात, पण महाग. गोल सेल लागतो, २०३२ नंबरचा, तो बरेच महिने चालतो. चुंबक आणि सेन्सरमध्ये दोन-चार मिलिमीटरचंच अंतर ठेवा, चिखलाने किंवा धक्क्याने सरकतं. आणि चाकाचं माप पुस्तिकेतल्या तक्त्यातून घेऊ नका, स्वतः मोजा. किलोमीटरऐवजी मैल तर लागलेलं नाही ना, हेही बघा.

२. फोनवरचं ॲप फुकट आहे आणि अंतर बऱ्यापैकी बरोबर देतं. फोन खिशात ठेवून चालत असेल तर सुरुवातीला तेच करा. स्क्रीन सतत चालू ठेवायची असेल तर बॅटरी उतरते आणि उन्हात काही दिसत नाही.

३. शर्यतीची तयारी असेल तर जीपीएसचा मीटर घ्यावा. आम्ही बघितले तेव्हा आयजीपीस्पोर्ट, एक्सॉस अशा चिनी कंपन्यांचे साधे मीटर चार-पाच हजारांच्या पुढं होते. तैवानची ब्रायटन आणि अमेरिकेची गार्मिन त्याच्या वर. आम्ही चिनीच घेतला, काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचा. उन्हात स्वच्छ दिसतो आणि बॅटरी आठवडाभर जाते. रंगीत नकाशा लागत नाही, रस्ते पाठ आहेत. टच स्क्रीन नको, घामाच्या बोटांना बटणच बरं.

४. मीटरपेक्षा त्याला काय जोडता येतं ते बघा. ब्लूटूथ आणि अँट प्लस दोन्ही पाहिजे, म्हणजे कोणत्याही कंपनीचा पट्टा किंवा सेन्सर चालतो. आमचा खरा फायदा दोन गोष्टींनी झाला. एक, पायडलचे फेरे मोजणारा सेन्सर. धाकटी जड गिअरवर मिनिटाला ६०-६५ फेऱ्यांनी रेटत होती आणि मांड्या लवकर भरून येत होत्या. सर आता ८५ च्या पुढं ठेवायला सांगतात. दोन, छातीचा हृदयाच्या ठोक्यांचा पट्टा. त्यावरून कळलं की ती हलक्या दिवशी सुद्धा जोरातच चालवत होती, विश्रांती अशी नव्हतीच. पॉवर मीटर नावाचा प्रकार असतो, तो आपल्या खिशाचा नाही.

५. जीपीएसवाल्याला चाकाचं माप लागत नाही, पण तोही देव नाही. निघण्याआधी मोकळ्यात मिनिटभर उभे राहा, सॅटेलाईट धरू द्या. दाट झाडीत वेग खाली-वर होतो. आणि ऑटो पॉज चालू असेल तर थांबलेला वेळ सरासरीत धरला जात नाही. सराव करताना ते चालतं, पण चाचणीत घड्याळ थांबत नसतं.

६. कोणताही मीटर लावा, एकदा किलोमीटरच्या दगडांवर तपासा. एका दगडावर फरक पडू शकतो, दहा दगड धरा. आमच्या जुन्या मीटरने दहा दगडांना १०.६ दाखवले असते. तीन महिन्यांत एक सकाळ खर्च केली असती तर चाचणीच्या आधीच कळलं असतं.

नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेतली रॅम शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात सायकलवर दिसणारी पोरं वाढली आहेत. पोरं मागतील तेव्हा मीटर जरूर घेऊन द्या. फक्त हातात देऊन मोकळे होऊ नका, टेप घेऊन बसा.

धाकटीची कालची सरासरी २९.१. खरी. पुढच्या चाचणीला वेळ आहे. जुना मीटर परत माझ्या काळ्या सायकलवर आलाय, २२३० वर. तरी हवा भरून पुन्हा मोजला.

कुणाला माप घ्यायला अडचण आली तर टायरवरचा नंबर कमेंटमध्ये टाका. फोनवर सांगत नाही, तुमच्याकडूनच मोजून घेतो.

राम कृष्ण हरी.