न्हाणीला दार हवे की नको?

भालकीच्या घराची डागडुजी काढली, तेव्हा न्हाणीवरून आमच्या घरात दोन तट पडले. सौ.चा आग्रह बंद दाराचा. बीदरकडची थंडी, शिवाय लाजलज्जा. आम्ही मात्र जुन्या न्हाणीचे कैवारी. कोपऱ्यात चुलवण, त्यावर तांब्याचा हंडा, पायाखाली शहाबादी फरशी (शहाबाद आमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलेच!) आणि दाराच्या जागी केवळ आडोशाची भिंत. वारा खेळता असल्याने फरशी लवकर वाळत असे.

खरे कारण निराळे होते. गतवर्षी कलबुर्गीला मुलाच्या घरी मातोश्री आतून कडी लावून न्हात असताना घसरून पडल्या. कडी तोडीपर्यंतची ती पाच मिनिटे आम्ही अद्याप विसरलो नाही.

मातोश्रींना विचारले. त्या म्हणाल्या, "पडायची भीती हाय बाबा, पण उघड्यावर न्हायला मी काय लेकरू हाय?" मुख्याध्यापक निरुत्तर!

अखेर आडोशाची भिंत वाढवली, जाड पडदा लावला, उंबरा काढला, भिंतीत लोखंडी दांडी बसवली. सौ. अजून धुसफुसतात. मातोश्री न्हाताना मोठ्याने विठ्ठलनाम घेतात. नाम थांबले की आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवतो.