हत्तीची सोंड

दिवाळी सरली की आमच्या वस्तीवर म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी उरायची. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी टोळीच्या ट्रकात बसून ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जायची. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की गुढीपाडव्याच्या आसपास माघारी. बीड जिल्ह्यातून आजही लाखो माणसं अशी जातात. माझे आई-दादा त्यांतलेच. मी आजीपाशी राहायचे.

मी पाचवीत असताना, ऐन थंडीतल्या एका रविवारी चित्रकलेच्या सरांनी आम्हा अकरा पोरांना एसटीनं अंबाजोगाईला नेलं. तिकिटाचे पैसे त्यांनी कुणाकडे मागितले नाहीत. अकराही जणांचे आईबाप फडावर होते. पोरं त्यांनी तशीच निवडली होती, हे मला फार उशिरा उमगलं.

जयवंतीच्या काठी शिवलेणी आहेत. गाव त्यांना हत्तीखाना म्हणतं. खडक खोल कोरून केलेलं उघडं अंगण, वर आभाळ, मध्ये नंदीमंडप आणि भले थोरले दगडी हत्ती. ऊनपावसानं झिजलेले, जागोजागी तुटलेले. सरांनी गोष्ट सांगितली. कोकणातून आलेल्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं.

“मंग ते घरी गेलंच नाही?” मी विचारलं.

सर काही बोलले नाहीत. मला हत्तीजवळ नेऊन त्यांनी माझा हात दगडावर ठेवला. ऊन पाठीवर घेऊन दगड कोमट झाला होता. “हा बाहेरून आणून ठेवलेला नाही, बरं का. इथं सगळा खडकच होता. कारागिरांनी भोवतालचा दगड काढून टाकला, हा मागं राहिला.”

मागं राहिला. माझे डोळे भरून आले. सरांनी ते पाहिलं असणार, कारण बाकीच्यांना भाकरी सोडायला सांगून ते माझ्याशेजारी मांडी घालून बसले. आपल्या वहीतला जाड कागद फाडून दिला, पेन्सिलही स्वतःचीच. आम्ही दोघांनी एकच हत्ती काढायला घेतला.

मी त्याला लांब, अखंड सोंड काढली.

“सोंड कुठं दिसली गं तुला?”

“व्हती ना, सर. आधी.”

“होती तर काढ की,” असं म्हणून ते पुन्हा आपल्या कागदावर वाकले. त्यांच्या हत्तीची सोंड तुटकीच होती. मला आजवर पुष्कळांनी शिकवलं. पण माझं म्हणणं असं निमूट मान्य करणारं माणूस तोवर भेटलं नव्हतं.

याच अंबाजोगाईत १२४० सालचा एक शिलालेख आहे. यादवांचा सेनापती खोलेश्वर, त्याची मुलगी लक्ष्मी. भाऊ राम गुजरातच्या लढाईत पडला, तेव्हा तिनं त्याच्या आठवणीसाठी देऊळ उभारलं. कॉलेजात हे वाचताना मला आधी सर आठवले. ज्याचं देणं फेडायचं तोच समोर नसला की काय करावं, हे तिला ठाऊक होतं.

माझं ते हत्तीचं चित्र सरांनी घडी घालून, उशिरा निघालेल्या एका टोळीबरोबर आईला पाठवलं. पाडव्याला आई आली आणि पिशवीच्या तळातून तिनं ते काढलं. कोपीतल्या चुलीच्या धुरानं पिवळं पडलेलं, घडीवर विरलेलं. तिला लिहिता येत नव्हतं. मागच्या बाजूला कोळशाच्या उभ्या रेघा होत्या, शेजारी शेजारी. कागद हाती आला त्या दिवसापासून रोज एक.

सरांना दाखवायला मी पळत शाळेत गेले. त्यांची बदली झाली होती.