पट्टा उतरवला का?

गाडी दारात आली त्या संध्याकाळी आप्पा ओट्यावरून उठले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "इतली खाले काबर बठेल शे हाई?"

प्रश्न बरोबरच होता. जुनी होंडा सिविक. २००६ ते २०१३ या काळात आपल्याकडे विकली गेली ती. बी.ई. करत असताना कॉलेजच्या रस्त्यावर अशी एक उभी असायची. तेव्हाच ठरवलं होतं, की नोकरी लागली की हीच. खरी स्पोर्ट्स कार नव्हे, पण लिंबायतच्या मुलाच्या खिशात बसेल एवढी स्पोर्ट्स कार. त्यात आधीच्या मालकाने हौसेने स्प्रिंग बदलून ती आणखी दोन बोटं खाली बसवलेली. दिसायला झकास! चालवायला मात्र आमच्या भागात रोजची परीक्षा. साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो, हातगाड्या, आणि घरापर्यंत पोचायच्या आधी तीन बंपर. तिन्हींवर गाडीचं पोट घासायचं. घरात बसलेल्या आईला आवाजावरून कळायचं, की मी आलो.

अशाच एका बंपरवर इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर एका बाजूने सुटलं आणि रस्त्यावर फरफटू लागलं. रविवार होता. म्हटलं, गॅरेजला कशाला जायचं? मी इंजिनिअर माणूस. चार क्लिपांचं काम.

डिकीतला जॅक काढला. कात्रीसारखा उघडणारा, गाडीबरोबर मिळतो तो. पुढचं डावं चाक उचललं आणि आत हात जायला जागा व्हावी म्हणून चाकही काढून बाजूला ठेवलं. मग पाठीवर झोपून, मोबाईलची बॅटरी दातात धरून डोकं खांद्यापर्यंत आत घातलं. दोन क्लिपा बसवल्या. तिसरी तुटलेली निघाली. तिच्या जागी बांधायला प्लास्टिकची पट्टी हवी होती म्हणून बाहेर आलो आणि घरात गेलो. एक चप्पल आतच राहिली.

घरात ड्रॉवर उघडतोय तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. लूमच्या खटखटीत वाढलेल्या गल्लीला आवाजाचं फारसं काही वाटत नाही, पण या आवाजाला सगळे बाहेर आले.

गाडी वीतभर मागे सरकली होती. जॅक आडवा पडला होता. चाक नसल्यामुळे गाडीची ती बाजू थेट ब्रेकच्या डिस्कवर आदळली होती आणि डिस्कच्या कडेखाली माझी चप्पल अर्धी कापली गेली होती. आप्पांनी वाकून ती ओढून पाहिली. निघाली नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, काही बोलले नाहीत. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्रीकाका राहतात. आयुष्यभर ट्रकची कामं केलेला माणूस. ते आपला मोठा ट्रॉली जॅक ढकलत घेऊन आले, तर तो गाडीखाली शिरेचना. गाडी इतकी खाली, की जॅकचं डोकंच उंच पडत होतं. शेवटी सहा जणांनी चाकाच्या वरच्या कमानीला धरून गाडी चार बोटं उचलली. काकांनी हात आत न घालता, काठीने ढकलून लाकडी फळी आत सरकवली. मग जागा झाली. चाक परत बसल्यावर काकांनी मला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "मागच्या चाकाला दगड कुठे लावला होतास?"

लावलाच नव्हता. हँडब्रेक ओढला होता आणि गिअर न्यूट्रल होता.

मग माझी शिकवणी झाली. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो, आणि माझा तर जुना, सैल तारेचा. गिअर टाकला असता तरी फार उपयोग नव्हता. गाडी पुढच्या चाकांवर चालते. त्यातलं एक हवेत असलं, की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाकही सुटं होतं. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं! त्यात गल्लीला गटाराकडे उतार. सव्वाटनाच्या आसपासची गाडी एका सैल तारेवर उभी होती. ती मागे सरकताच अरुंद बुडाचा जॅक कलंडला.

रात्री जेवण झाल्यावर आप्पा माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक नाही, हे मी लहानपणापासून पाहतोय. "मशीनमध्ये गेलं," एवढंच घरात ऐकलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा पूर्ण सांगितलं. जळगावकडून सुरतेला येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. लूम बंद होता, धोटा अडकला होता, म्हणून यांनी हात घातला. पलीकडच्या माणसाला वाटलं, काम झालं. त्याने स्विच दाबला. त्याचीही चूक नव्हती, आवाजात हाका ऐकू येत नाहीत. त्यानंतर पुढे तीस वर्षं आप्पांनी मोटरचा पट्टा उतरवल्याशिवाय लूममध्ये हात घातला नाही. मालक वेळ जातो म्हणून चिडायचा, सोबती हसायचे.

"स्विच बंद असणं वेगळं," आप्पा म्हणाले, "आणि मशीन चालूच शकत नाही, हे वेगळं. तू आज स्विच बंद करून हात घातलास."

मी कामावर हेच करतो. एक सर्व्हर पडला तर दुसरा उभा राहावा, एकाच गोष्टीवर सगळं अवलंबून नसावं, याचाच मला पगार मिळतो. आणि स्वतःचं डोकं मात्र एका जॅकच्या भरवशावर गाडीखाली घातलं होतं.

पुढच्या महिन्यात मी दोन गोष्टी आणल्या: खाली बसलेल्या गाड्यांसाठीचा बुटका ट्रॉली जॅक आणि जॅक स्टँडची जोडी. स्टँड म्हणजे लोखंडी तिवई, उंची खाचेत अडकवून ठरवायची. जॅक आणि स्टँड यांत फरक काय? ट्रॉली जॅक ऑइलच्या दाबावर उभा असतो. आतलं रबरी सील झिजलं, की दाब उतरतो आणि गाडी खाली येते, कधी हळूहळू, कधी एकदम. स्टँडमध्ये उतरण्यासारखं काही नाही, लोखंड लोखंडावर टेकलेलं असतं. जॅक उचलतो, स्टँड पेलतो. आप्पांच्या भाषेत, स्टँड लावणं म्हणजे पट्टा उतरवणं.

आता घरी गाडी उचलायची तर आमची पद्धत ठरलेली आहे. तुमच्याकडेही अशी खाली बसलेली गाडी असेल, तर उपयोगी पडेल.

आधी जागा. सपाट आणि टणक. उतार असेल तर काम दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डांबर मऊ होतं आणि स्टँडचे पाय त्यात रुततात, म्हणून खाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवायचा. पेव्हर ब्लॉकवर तर नकोच. ट्रॉली जॅक उचलताना त्याचा हात वर्तुळात फिरतो, त्यामुळे जॅकला चाकांवर थोडं पुढे सरकावं लागतं. चाकं फटीत अडकली तर जॅक सरकत नाही आणि गाडीलाच ओढतो.

मग जी बाजू उचलायची नाही, तिकडच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर. हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, पण भरवसा पाचरेवर. चाक काढायचं असेल तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. गाडी हवेत असताना पान्यावर जोर लावणं म्हणजे तिला आपणच ढकलणं.

जॅक आत शिरत नसेल, तर गाडी आधी दोन रुंद, सपाट फळ्यांवर हळूच चढवायची. दीड इंचाची फळीसुद्धा पुरते. मोठ्या जॅकला काकांनी त्या दिवशी हेच करून जागा दिली होती. जॅक कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. दाराखाली पत्र्याची जी उभी कड असते, तिच्यावर पुढे आणि मागे खाचांच्या खुणा असतात. तिथेच, आणि मधे खाच असलेला रबरी ठोकळा ठेवून, नाहीतर ती कड वाकते. ऑइलच्या टाकीखाली किंवा पातळ पत्र्याखाली कधीच नाही.

गाडी उचलली, की लगेच पुस्तकात दाखवलेल्या जागी स्टँड लावायचे आणि गाडी त्यांच्यावर उतरवायची. मग बाहेर उभं राहून गाडीला हाताने चांगला धक्का द्यायचा. हलायची असेल तर आत्ताच हलू दे. काढलेलं चाक भिंतीला टेकवून न ठेवता गाडीच्या कडेखाली आडवं सरकवायचं. सगळं फसलं, तरी गाडी चाकावर पडेल, माणसावर नाही. विटा मात्र अजिबात नकोत. वीट वाकत नाही, सांगून तुटत नाही, एकदम फुटते. शेवटी चाक बसवून गाडी खाली आली, की नट समोरासमोरच्या क्रमाने घट्ट करायचे. माझ्या गाडीला १०८ न्यूटन-मीटर लागतात. त्यासाठी मोजणारा पाना मिस्त्रीकाकांकडून आणतो.

आणि एकट्याने करायचं नाही. आप्पा ओट्यावर चहाचा कप घेऊन बसतात. मी खाली वाकलो, की विचारतात, "पट्टा उतरवला का?" मी स्टँडकडे बोट दाखवतो. ते मान हलवतात, मगच मी आत जातो. सहा वर्षांची लेक मधे येऊ नये म्हणून तिला आप्पांच्या शेजारी बसवतो. तीही आता तोच प्रश्न विचारते, पट्टा म्हणजे काय हे माहीत नसताना.

गेल्या वर्षी गाडीला मूळ स्प्रिंग परत बसवल्या. पोट आता एकाच बंपरवर घासतं. अर्धी कापलेली चप्पल आईने दोनदा फेकायला काढली. मी ती स्टँडच्या पेटीत ठेवली आहे.

परवा मागच्या गल्लीतला एक मुलगा जॅक मागायला आला. मी मीटिंगमध्ये होतो, खिडकीतून दिसत होतं. आप्पा आत गेले आणि आधी दोन्ही स्टँड त्याच्या हातात दिले. तो म्हणाला, "हे नको, काका, पाच मिनिटांचं काम आहे." आप्पांनी आपलं बोट त्याच्यासमोर धरलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मुलगा स्टँड घेऊन गेला. जॅक न्यायला तो दुसऱ्या फेरीत आला.